तळटीप १ : ‘जुळवून घेणारे रसायन’
पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे अवघे दोन रेणू जोडलेले पेप्टाइड पाण्यात आपोआप जुळून सूक्ष्म नळ्या बनवते, हे तेल अवीवच्या मेइटल रेचेस व एहुद गाझिट यांनी २००३ मध्ये दाखवले. न्यूयॉर्कच्या राइन उलिन यांची युक्ती मला अधिक सरस वाटते: थर्मोलायसिन हे विकर मिश्रणात साखळ्या जोडत-तोडत राहते, ज्या साखळ्यांची रचना टिकाऊ, त्यांचेच प्रमाण वाढते. भोवतालची परिस्थिती बदलली, की निवडही बदलू शकते. गडब गावाच्या खारपाटात भरतीचे पाणी शिरले, की अनेक वाण मिसळून पेरलेल्या भातातले खारे पाणी सोसणारे वाणच तग धरते, तसेच हे. मात्र या रसायनाला ‘सजीव’ म्हणणे घाईचे ठरेल. — संपादक