वेड लागणे म्हणजे नेमकं काय? शब्द, आजार आणि कायदा

'येडा झालाय का?' धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. (नवी मुंबईतलं वाशी वेगळं.) कधी ते प्रेमाने म्हटलं जातं, कधी रागाने. पण घरातलं माणूस रात्र-रात्र झोपत नसेल, एकटंच बडबडत असेल, तर त्याच शब्दाची भीती वाटते. लोक काय म्हणतील, या धास्तीने दवाखाना लांबतो. म्हणून आधी हा शब्द समजून घेऊ.

एक शब्द, अनेक अर्थ

मराठीत 'वेड' ही नेहमीच शिवी नसते. वारकऱ्याला विठ्ठलाचं वेड असतं, पोरांना क्रिकेटचं. वाशीपासून जवळच, येरमाळ्याला येडेश्वरीचं देवस्थान आहे. सीतेचं रूप घेऊन परीक्षा पाहणाऱ्या पार्वतीला रामाने ओळखलं आणि 'वेडी आई' म्हटलं, तीच येडाई, अशी आख्यायिका सांगतात. म्हणजे याच मुलखात हा शब्द देवीच्या नावातही आहे.

अडचण होते ती आजारी माणसाला हाच शब्द चिकटवल्यावर. खुळा, भ्रमिष्ट, डोक्यावर परिणाम झालेला, बाहेरचं झालेलं असे कितीतरी शब्द आहेत. त्यातला एकही शब्द आजार कोणता आणि उपाय काय हे सांगत नाही.

डॉक्टर 'वेड' लिहितात का?

नाही. वैद्यकशास्त्रात वेड नावाचं निदान नाही. तिथे वेगवेगळ्या आजारांना वेगवेगळी नावं आहेत:

- नैराश्य: दोन आठवडे किंवा जास्त काळ टिकणारी उदासी, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं. मन खट्टू होणं वेगळं, नैराश्य वेगळं.
- मंत्रचळ (ओसीडी): नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणं आणि तो शांत करायला तीच कृती वारंवार करावी लागणं. नीटनेटकेपणा म्हणजे ओसीडी नव्हे.
- बायपोलर: काही काळ उन्माद, काही काळ नैराश्य. सकाळी हसला, दुपारी चिडला, याला बायपोलर म्हणत नाहीत.
- स्किझोफ्रेनिया: इतरांना न येणारे आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री होणं. मराठीत याला 'छिन्नमनस्कता' म्हणतात. त्यामुळे एकाच माणसात दोन माणसं असतात, असा गैरसमज होतो. तसं नसतं. 2004 च्या 'देवराई' या मराठी चित्रपटाचा नायक याच आजाराशी झगडतो.

बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. ती जन्मापासून किंवा लहान वयापासून असते. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार, समुपदेशन असे उपाय असतात.

कायद्याची भाषा कशी बदलली?

इंग्रजांच्या काळात 1912 मध्ये आलेल्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता. 1987 च्या कायद्याच्या नावात 'मानसिक आरोग्य' आलं. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात उपचार हा हक्क मानला आहे. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं, असंही त्यात म्हटलं आहे.

फौजदारी कायद्यात मात्र 'मनोविकल' हा वेगळा शब्द आहे. कृत्य करताना आपण काय करतोय, ते चूक आहे की नाही, हेच मनोविकलतेमुळे कळत नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. हा नियम आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 84 मध्ये होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. पण डॉक्टरची चिठ्ठी दाखवून कुणी आपोआप सुटत नाही, ते न्यायालय ठरवतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप मनोविकल ठरत नाही.

वाशीत याचं काय?

मराठवाड्याने दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या दोन्ही पाहिल्या आहेत. त्यामुळे 2015 मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'त हा जिल्हाही होता. गावातल्या आशाताईंनी ताणाखालची माणसं हेरायची आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोहोचवायचं, अशी त्याची रचना.

2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते.

बाहेरचं झालंय म्हणून मांत्रिकाकडे नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मग म्हणायचं काय?

'तो वेडा आहे' ऐवजी 'त्याला नैराश्याचा आजार आहे' म्हणा. निदान माहीत नसेल तर 'त्याची तब्येत बरी नाही, झोप लागत नाही' एवढं पुरे. मधुमेह झालेल्या माणसाची ओळख फक्त मधुमेह नसते, तसंच हे.

मदतीसाठी 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक 24 तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं. कुणी जगणं नकोसं झालंय म्हणत असेल, तर 'येड्यागत बोलू नको' म्हणून गप्प करू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, त्याला एकटं सोडू नका आणि फोन लावा.