निकट-गुणोत्तर गिअरबॉक्स आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराचा औद्योगिक इतिहास बहुधा कारखाने आणि रोजगार यांच्या आधारे लिहिला जातो. गिअरबॉक्ससारख्या एकाच घटकाचा मागोवा घेतला, तर या पट्ट्याने कोणत्या गरजेला अग्रक्रम दिला हे अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात वेगवान मोटारीसाठी गिअरबॉक्स बदलण्याच्या दोन प्रयत्नांचा विचार केला आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना 2.0 गुणोत्तराच्या गिअरमधून 1.3 च्या गिअरमध्ये गेल्यास फेऱ्या 3900 पर्यंत उतरतात. पुढील गिअर 1.6 चा असल्यास त्या 4800 वर राहतात. गुणोत्तरे अशी जवळ आणल्याने इंजिन आपल्या शक्तीच्या टप्प्यातच राहते. परंतु गिअरची संख्या तीच ठेवल्यास एकूण पल्ला आखूड होतो. शिवाय इंजिनाची शक्ती वाढली की दातांवरील ताणही वाढतो. दात रुंद करावेत तर पेटीतील जागा अपुरी पडते. म्हणूनच मजबुती आणि निकटता एकत्र साधणे खर्चिक ठरते.

ओझ्याची परंपरा

1966 मध्ये सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचा पुणे प्रकल्प उभा राहिला. यंत्रसाधनांची निर्मिती व अभियांत्रिकी संशोधन केंद्र ही त्याची वैशिष्ट्ये होत. 1986 मधील टाटा 407 सारख्या मालवाहू गाडीला भरल्या ओझ्याने घाट चढावयाचा होता. तिला मोठ्या गुणोत्तराचा पहिला गिअर आवश्यक होता. 1998 मध्ये आलेली इंडिका कौटुंबिक मोटार होती; तेथे इंधनबचतीचा विचार महत्त्वाचा होता. या दोन्ही गरजांत निकट गुणोत्तराला फारसे स्थान नव्हते.

दोन प्रयत्न

पहिला प्रयत्न चाकणशी निगडित आहे. तेथील फोक्सवॅगन प्रकल्पाचे उद्घाटन 2009 मध्ये झाले. 2010 च्या पोलो चषक स्पर्धेतील मोटारीला 130 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. 2017 मध्ये, चाकणलाच तयार होणाऱ्या अमिओच्या स्पर्धा-आवृत्तीला 205 अश्वशक्तीचे इंजिन आणि सहा गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स देण्यात आला. म्हणजे शर्यतीसाठी संपूर्ण पेटीच वेगळी वापरली गेली.

दुसरा प्रयत्न टाटा मोटर्सचा. कोईमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जसह भागीदारी करून ऑक्टोबर 2018 मध्ये टियागो जेटीपी बाजारात आली. मूळ टियागोच्या 85 अश्वशक्तीऐवजी तिच्यात 114 अश्वशक्ती व 150 न्यूटन-मीटर टॉर्क होता. गिअर पाचच राहिले. मात्र जलद वेगवाढीसाठी गुणोत्तरे बदलण्यात आली. सर्वसामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत वेगवान मोटार द्यावयाची, तर ही मर्यादा स्वाभाविक म्हणावी लागेल. 2017 च्या जिनिव्हा प्रदर्शनात दाखविलेली 190 अश्वशक्तीची रेसमो ही क्रीडा-मोटार तर उत्पादनापर्यंत पोहोचलीच नाही.

निष्कर्ष

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली आणि टियागो जेटीपी व अमिओ या दोन्ही मोटारी बाजारातून गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत एकाच गुणोत्तरावर चालणारी नेक्सॉन ईव्ही दाखल झाली होती. विद्युत वाहनात बहुपायरी गिअरबॉक्सची गरजच कमी होते. त्यामुळे निकट गुणोत्तराचे कौशल्य या पट्ट्यात रुजण्यापूर्वीच त्याची निकड ओसरू लागली, असे म्हणता येईल.

या अपुऱ्या यशाचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधणे योग्य होणार नाही. जड वाहनांचे गिअर घडविणाऱ्या परिसराला कठीण व अचूक दात परके नव्हते. उणीव होती ती पुरेशा मागणीची. कौशल्य हातात असले तरी बाजारपेठ त्याला काम देते तेवढेच ते वाढते, हा धडा विद्युत वाहनांकडे वळणाऱ्या या पट्ट्याने दुर्लक्षू नये.