उमेदवारी : हाताच्या शिक्षणाची कहाणी

'उमेदवार' म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हात जोडून दारोदार मते मागणारा गृहस्थ. पण या शब्दाला दुसरा, अधिक कष्टाचा अर्थ आहे. फारसीतली 'उमेद' म्हणजे आशा. नोकरीच्या आशेवर कचेरीत बिनपगारी नकला करीत बसणारा तो उमेदवार; आणि यंत्रशाळेत उस्तादाला हत्यारे देता देता स्वतः कारागीर होऊ पाहणारा, तोही उमेदवारच. कायद्याच्या मराठीत त्याला 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. लेखणीच्या उमेदवाराला आपल्या वाङ्मयात थोडीफार जागा मिळाली. हातोड्याच्या उमेदवाराकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षे उमेदवारी केल्यावाचून कोणालाही ठरावीक धंदे करता येत नसत. १८१४ साली ही सक्ती उठली, पण पद्धत टिकली; कारण यंत्रयुगाला तिची गरज होती. हेन्री मॉडस्ले याचेच उदाहरण घ्या. १७७१ साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी वुलिचच्या शस्त्रागारात कामाला लागला, अठराव्या वर्षी ब्रामा या कुलूप बनविणाऱ्या कारागिराकडे गेला आणि १७९७ साली त्याने स्वतःची यंत्रशाळा काढली. अचूक आटे पाडणाऱ्या लेथसाठी तो प्रसिद्धीस आला. पण त्याची खरी थोरवी त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसांत आहे. आट्यांना प्रमाण माप देणारा व्हिटवर्थ, वाफेचा हातोडा काढणारा नॅस्मिथ, यंत्रांचा कल्पक निर्माता रॉबर्ट्स हे सारे त्याच्याकडे काम केलेले. विद्येची ही परंपरा ग्रंथातून नव्हे, हातातून हाती गेली.

आपल्याकडे अशी परंपरा नव्हती काय? होती. लोहाराचा मुलगा भात्याजवळ बसून आणि सुताराचा मुलगा रंधा ओढत शिकतच होता. शिक्षण पक्के, पण त्याच्या दाराला जातीची कडी. उलट ज्यांच्या घरात पोथी होती, त्यांना घण उचलणे कमीपणाचे वाटे. वाचणारा घडवीत नव्हता आणि घडविणाऱ्याला वाचू दिले जात नव्हते. आपल्या मागासलेपणाचे एक मोठे कारण या फारकतीत आहे, असे मला वाटते.

इंग्रजी अमदानीत उमेदवारीचा पहिला कायदा झाला तो १८५० साली. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, धंदा शिकविण्यासाठी बांधून देण्याची सोय त्यात होती. म्हणजे हाताचे शिक्षण हे ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी, हा समज कायद्याच्या पुस्तकातही शिरला. पुढे आगगाडी आली. जमालपूरसारखी प्रचंड यंत्रशाळा १८६२ साली सुरू झाली. हजारो हिंदी हात तेथे राबले, परंतु वरच्या जागेकडे नेणारी उमेदवारी दीर्घकाळ युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांच्या वाट्याला गेली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी धंदेशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला, हा त्या काळातला एक सुखद अपवाद.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईस गेले. पण काही रंग नीट ओळखू येत नसल्याने ती वाट सोडून यंत्रचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी काढलेल्या सायकलच्या दुकानाचे साल १८८८ सांगतात. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले. लोखंडाने जमीन नासते या भीतीने शेतकरी त्या नांगराजवळ येईना. त्यातच उपनगराच्या आखणीसाठी कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन व कर्ज दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावचे नुकसान झाले ते असे.

त्या माळावर तयार कारागीर कोठून येणार? ते घडवावेच लागले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे इंजिनियर म्हणून नावारूपास आले. परीक्षेत अपयशी ठरलेले के. के. कुलकर्णी कारखान्याचा कारभार पाहू लागले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानाकडून किल्ल्यावरच्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळविल्या आणि त्यांचे नांगर ओतले. अडचण हीच तेथली शाळा होती. आणि याच माळावरून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, ज्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. ओतशाळा आणि छापखाना एका आवारात नांदू शकतात, हे मराठी माणसाने तेथे पाहिले.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. तो १९६२ च्या मार्चपासून अमलात आला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविका घेतलेले इंजिनियरही त्याच्या कक्षेत आले. या कायद्यातले एक कलम मोठे मार्मिक आहे: उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे. जेथे जवळ उभा राहून शिकविणारा उस्ताद आहे, तेथे हे वाक्य मुलाचे शिक्षण राखते. जेथे तो नाही, तेथे हेच वाक्य त्याला स्वस्त मजूर करून सोडते. कारण कामगाराचे सारे हक्क त्याला नाहीत आणि शिकणाऱ्याचे सुखही नाही.

मग शिकवायचे ते काय? फिटरकाम शिकणाऱ्या मुलाच्या हाती प्रथम कानस देतात. दिवसेंदिवस एकच लोखंडी तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा; फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचा. निळा रंग लावलेल्या सपाट पाटावर तो तुकडा फिरविला की उंचवटे तेवढे रंगतात आणि आपली चूक आपल्यालाच दिसते. ओतशाळेत वाळू मुठीत दाबून, मोडून तिचा ओलावा ओळखायचा असतो. हे फळ्यावर लिहून देता येत नाही. लोखंडापुढे घोकंपट्टी चालत नाही, वशिलाही चालत नाही. सचोटीचा याहून चांगला पाठ आमच्या पाठ्यपुस्तकांत मला आढळलेला नाही.

आज बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा आहेत, यंत्रशाळा आहेत आणि आपल्याच खेड्यांतली मुले तेथे उभी राहतात. पण दहावीचा निकाल लागला की शाळेत येणारे पालक काय म्हणतात? "सर, बघा कॉलेजात जमते का, नाहीतर आयटीआयला घालू." या 'नाहीतर'मध्ये १८५० चा कायदा अजून जिवंत आहे. हुशार मुलगा हाताने काम करील आणि हाताने काम करणारा मुलगा वाचीत राहील, अशी व्यवस्था करणे आम्हा शिक्षकांच्या हाती पुष्कळ आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आधी आपल्या बोलण्यातून ते 'नाहीतर' गेले पाहिजे.