शिकत्या आईचे मूल कोणी सांभाळावे?

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी परीक्षोत्तीर्ण विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते. अलीकडे तीत एखाद्या लेकुरवाळ्या भगिनीचेही नाव आढळते. 'आता या वयात, पोरेबाळे टाकून, ही कसली शाळा?' असे म्हणणारे वडीलधारे आमच्या परिचयाचे आहेत. त्यांस हे नव्या काळाचे खूळ वाटते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

पंडिता रमाबाईंचेच चरित्र पाहावे. १८८२ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. संस्कृत विद्येत बाईंची कीर्ती दिगंत होती. परंतु त्या विद्येवर अनाथ स्त्रियांचे पोट भरणारे नव्हते, आणि बाईंना वैद्यकी शिकावयाची होती. त्या पुण्यास आल्या, इंग्रजीचा अभ्यास आरंभिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तरतूद करून १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेसह त्या इंग्लंडास गेल्या. पुढे श्रवणशक्ती मंद असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग खुंटला. दुसरी एखादी असती तर परत फिरली असती. बाईंनी शिक्षणशास्त्राची कास धरली. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या एकीकडे संस्कृत शिकवीत, दुसरीकडे इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास म्हणून त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस शारदा सदन उघडले, ते या सर्व पुनःशिक्षणाच्या भांडवलावर.

या काळात मनोरमा कोठे होती? चरित्रे वाचताना हा प्रश्न आपण विचारीत नाही. ती बराच काळ वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या देखरेखीखाली होती. त्या भगिनींनी तिला जीव लावला, यात संशय नाही. परंतु मुलीस धर्मविषयक वळण कोणी व कसे लावावे, यावरून आई आणि सांभाळ करणाऱ्या भगिनी यांच्यात तीव्र मतभेद झाले. त्यांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. बाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरीही आपल्या मुलीविषयीचा निर्णय त्या दुसऱ्याच्या हाती देण्यास तयार नव्हत्या. जो मूल सांभाळतो, तो कालांतराने त्याच्यावर हक्क सांगू लागतो. मग तो कितीही सद्हेतूचा असो. शिकणाऱ्या आईला द्यावी लागणारी खरी फी ती हीच, असे आम्हांस वाटते. मनोरमाबाई मोठेपणी आईच्या कार्यात तिचा उजवा हात झाल्या. १९२१ मध्ये त्या वारल्या, आणि पुढल्याच वर्षी बाईही गेल्या.

दुसरे उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचे. १८७० साली देवरुखास त्यांचा जन्म झाला. विशीच्या सुमारास वैधव्य आले, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटून गेल्यावर त्यांनी शिक्षणास आरंभ केला, तो पुण्यास बहीण आनंदीबाई व मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रयाने. येथे मुलाला मावशीचे घर होते, आणि आईला रात्री पुस्तक उघडताना धास्ती नव्हती. पुढे त्यांनी हिंगण्याच्या आश्रमाची सेवा केली, आणि १९१८ साली, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयात, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिका गाठली. तेथे घरकाम करून पोट भरले. या स्त्रिया कोणत्या ज्ञातीच्या, हा प्रश्न गौण आहे. एकीला परके आश्रयदाते मिळाले, दुसरीला सख्खी बहीण. फरक एवढाच, पण तो लहान नव्हे.

पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न कधी उपस्थितच होत नाही. आमच्या नोकरीच्या काळात कितीतरी शिक्षक घरी तीन-चार लेकरे ठेवून ट्रेनिंगला गेले. मुले कोण पाहते, असे त्यांस कोणी विचारले नाही. उत्तर चुलीपाशी बसलेले असे. शिक्षिका ट्रेनिंगला निघाली, की पहिला प्रश्न तोच.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली. १९५८ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले व घरबसल्या पदवीची वाट खुली झाली. तथापि घरबसल्या अभ्यास म्हणजे मुलांच्या गलक्यातला अभ्यास, हे परीक्षकाला कोठे दिसते? २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. ते नोकरीतल्या आईसाठी; शिकणाऱ्या आईचा त्यात उल्लेख नाही.

आपला विद्यार्थी साहाय्यनिधी फी आणि पुस्तके यांसाठी पैसे देतो. अर्जाच्या छापील नमुन्यात पालकाचे नाव विचारलेले असते. अर्जदार स्वतःच पालक असेल, हे तो नमुना करणाऱ्यांच्या मनात आले नसावे. परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांचा पाळणाघराचा खर्च त्या निधीतून देता येईल, आणि ज्या गावी पाळणाघर नाही, तेथे ज्ञातीतील एखाद्या घराने दुपारचे चार तास मूल ठेवून घ्यावे, अशी व्यवस्थाही करता येईल. कार्यकारी मंडळाने हा विषय येत्या साधारण सभेपुढे ठेवावा, अशी आम्ही लेखी विनंती केली आहे. ज्या घरांना असे चार तास देता येतील, त्यांनी सभेपूर्वी चिटणीसांकडे नाव नोंदवावे. आमच्या घराचे नाव विनंतीपत्रासोबतच दिले आहे.