फुकट पुस्तकाचे पैसे कोण देतो?

यवतमाळ जिल्ह्यात वणीला जा, दारव्ह्याला जा, नाहीतर पांढरकवड्याकडच्या एखाद्या पोडावर जा. मोबाईल हातोहाती दिसतो. त्यात पुस्तकेही फुकट मिळतात. चार पाने वाचावीत, तोच मध्ये बियाण्याची नाहीतर साबणाची जाहिरात येते. एखादे चौकस पोर गुरुजींना विचारील, ‘पुस्तक फुकट, मग लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं?’ प्रश्न लहान नाही आणि नवाही नाही.

१८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ हे दैनिक एका सेंटला विकायला काढले. मोठी दैनिके तेव्हा सहा सेंटांना मिळत. कमी किमतीची तूट जाहिरातींनी भरून काढली. १८३६ पासून लंडनमध्ये डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी दरमहा हप्त्यांनी निघू लागली. त्या हप्त्यांनाही जाहिरातींची पाने जोडलेली असत.

आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तिथून पडलेली प्रथा आजही चालू आहे. जाडजूड अंक, त्यात कथा, कविता, चित्रे; आणि मधूनमधून तेल, साबण, औषधे यांच्या जाहिराती. कागद, छपाई, बांधणी आणि लेखकाचे मानधन हा सारा खर्च नुसत्या किमतीतून काढायचा म्हटला, तर अंक खेड्यातल्या वाचकाला झेपायचा नाही. तो भार जाहिरातदार हलका करतो.

रेडिओचेच घ्या ना. पूर्वी रेडिओ ठेवायला परवाना लागे, त्याची फी भरावी लागे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर विविध भारतीच्या कार्यक्रमांत जाहिराती सुरू झाल्या.

पण ही वाट सर्वांना मानवली नाही. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधल्या जाहिराती १९१२ साली बंद केल्या. पुढे ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ही त्यांनी जाहिरातींवाचून चालवले. पत्र वाचकांच्या बळावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह.

१९७१ साली अमेरिकेत मायकेल हार्ट याने एक जुना मजकूर संगणकावर टंकून सर्वांना मोफत दिला. त्यातूनच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभे राहिले. आज मराठी विश्वकोशही मोबाईलवर फुकट वाचता येतो. त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. म्हणजे फुकट देण्याच्याही तऱ्हा आहेत. कुठे सरकार देते, कुठे हौशी माणसे श्रम देतात, कुठे जाहिरातदार पैसे मोजतो.

दिवाळी अंकातली जाहिरात सर्वांना सारखीच दिसे. मोबाईलचे तसे नाही बरं का! आपण काय वाचतो, काय शोधतो, याची तिथे नोंद होते आणि त्यावरून जाहिरात निवडली जाते. कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती उघडावी, तर शेजारी फवारणीच्या औषधाची जाहिरात हजर होऊ शकते. २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातले अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याचा दोष जाहिरातीच्या माथी मारायचा नाही. पण औषधाविषयीचा सल्ला कोणता आणि ते खपवण्यासाठी लिहिलेला मजकूर कोणता, हे ओळखण्यावर आपल्याकडे माणसाचा जीव अवलंबून असतो, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

म्हणून गुरुजनांना विनंती. मुलांना फुकटची पुस्तके खुशाल वाचू द्या. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरात ती मोठीच सोय आहे. मात्र वाचताना दोन गोष्टी विचारायला शिकवा : हे कोणी लिहिले, आणि याचे पैसे कोणी दिले?