वाळूच्या माऱ्याची कुळकथा

पोलादाला रंग देण्याआधी ते सोलून उघडं करायचं, हे आज गोदीत, पुलाच्या कामावर, एमआयडीसीतल्या शेडमध्ये सगळीकडे धरूनच चालतात. पण ज्या माणसानं हा वाळूचा मारा शोधून काढला, त्याच्या मनात गंजाचा विषय फारसा नव्हता. त्याला दगड आणि काच कोरायची होती.

बेंजामिन च्यू टिल्गमन हा फिलाडेल्फियाचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला, चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत जखमी झाला आणि पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका पलटणीचा कर्नल झाला. रसायनातही त्याला चांगली गती होती. लाकडाचा लगदा करण्याच्या सल्फाइट प्रक्रियेचं एक सुरुवातीचं पेटंट त्याच्याच नावावर आहे. वाळवंटातल्या वाऱ्यानं उडवलेल्या वाळूमुळे खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या त्यानं पाहिल्या आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. पेटंटचं साल 1870. वाफेच्या किंवा हवेच्या जोरावर वाळूचे कण कठीण पदार्थावर फेकायचे, एवढंच त्याचं सार.

त्यातली खरी गंमत वेगात आहे. वेग पुरेसा असला, की गारेची वाळू स्वतःपेक्षा कठीण असलेल्या कुरुंदालाही भोक पाडते. उलट रबर, नाजूक लेस, नेच्याचं पान या मऊ वस्तू मार खाऊनही टिकतात, कारण कण आदळला की त्या दबतात. काच दबत नाही, तिचा टवका उडतो. म्हणून काचेवर लेस ठेवून मारा केला की लेसची नक्षी काचेवर उतरायची. यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांसाठी व्हरमाँटच्या संगमरवराचे हजारो दगड लागले, तेव्हा त्यांवरची नावंही याच तंत्रानं कोरली गेली. एका सैनिकाचा शोध आपल्याच सोबत्यांची नावं कोरायला कामी आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ओतकामाच्या कारखान्यांनी हे तंत्र लवकर उचललं, कारण ओतलेल्या भागांना चिकटलेली साच्यातली वाळू त्यानं झटकन निघे. पण गंजाशी त्याचं नातं घट्ट झालं ते विसाव्या शतकात. झुरिकच्या माक्स उलरिख शोपनं 1910 च्या आसपास वितळलेल्या धातूचा फवारा मारण्याची रीत काढली. जस्ताचा असा थर पोलादाला गंजापासून वाचवतो, पण गुळगुळीत पत्र्यावर तो धरत नाही. पापुद्र्यासारखा सुटून येतो. त्याला खडबडीत पृष्ठभाग हवा होता, आणि तो द्यायला वाळूचा मारा तयारच होता.

रंगाचंही तेच. रोलिंग मिलमधून तापलेला पत्रा बाहेर पडताना त्यावर निळसर काळी, चकचकीत खपली धरते. तिला मिल स्केल म्हणतात. दिसायला ती मजबूत, एखाद्या लेपासारखी. म्हणूनच नवख्याला वाटतं, हिच्यावरच रेड ऑक्साइडचा हात मारावा. पण तिला बारीक भेगा असतात. भेगेत ओल शिरली की खपली आणि पोलाद यांचा विद्युतघट तयार होतो आणि त्यात पोलाद झिजतं. खपलीच्या मोठ्या क्षेत्राचा सगळा भार भेगेतल्या इवल्याशा उघड्या जागेवर येतो, त्यामुळे तिथे खोल खड्डा पडतो. वर गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रंग उचलतो आणि पोपडे निघतात. तारेच्या ब्रशनं ही खपली निघत नाही, फक्त चमकते.

मारा झालेलं पोलाद जवळून पाहावं. करडं-पांढरं, चमक नसलेलं, बोट फिरवलं तर खरखरीत. साधारण 50 ते 75 मायक्रॉन खोलीच्या त्या दऱ्याखोऱ्यांत प्रायमर दात रोवतो. मात्र माऱ्यानंतरच्या त्या क्षणी त्या पोलादाइतकं उघडं काही नसतं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर काही तासांतच त्यावर तांबूस छटा चढते, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लावावा लागतो. समुद्राची वाळू वापरली तर मीठच पृष्ठभागावर मारल्यासारखं होतं आणि रंगाखाली गंजाचं बी आधीच पडतं.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हा वाद स्वीडननं मिटवला. 1960 च्या दशकात तिथल्या मानकानं शब्दांवर न विसंबता पोलादाचे रंगीत फोटोच छापले. त्यातली ‘एसए अडीच’ ही पायरी आज जगभरच्या टेंडरांत असते. आपल्याकडे इन्स्पेक्टर आणि ठेकेदार याच ‘टू अँड हाफ’वरून अजून भांडतात. न सोलता रंगवायची सवयही लवकर सुटली नाही. 1890 मध्ये सुरू झालेल्या स्कॉटलंडच्या फोर्थ पुलावर शतकभर जुन्या रंगावर नवा रंग चढत राहिला. अखेर या शतकाच्या पहिल्या दशकात तो टप्प्याटप्प्यानं उघड्या पोलादापर्यंत सोलला आणि काचेच्या कपच्या असलेल्या इपॉक्सीनं रंगवला. 2011 च्या डिसेंबरमध्ये काम संपलं.

या सगळ्याची किंमत वाळू मारणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली, आणि तंत्राच्या इतिहासात हा भाग तळटिपेत जातो याची मला चीड येते. आदळल्यावर वाळूचा कण फुटतो आणि ताज्या फुटलेल्या सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासावाटे आत खोलवर जाते. तिथे व्रण धरतात. सिलिकोसिस झाला की तो मागे फिरत नाही. पोलादी छर्रे आणि ग्रिट हाताशी असतानाही वाळू स्वस्त म्हणून चालत राहिली. ब्रिटननं 1949 च्या नियमांनी कारखान्यांत ओतीव भाग आणि इतर वस्तूंवर वाळूचा मारा करायला बंदी घातली, म्हणजे पेटंटनंतर जवळजवळ 80 वर्षांनी. भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्यातल्या रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता. आज गार्नेट, तांब्याची मळी, पोलादी ग्रिट असे पर्याय बाजारात मिळतात. तरी तोंडाला रुमाल बांधून वाळू मारणारा पोरगा रस्त्याकडेच्या शेडमध्ये दिसतोच. बाहेरून हवा पुरवणारं हेल्मेट त्याला मिळालं तरी हॉपरमध्ये वाळू ओतणाऱ्या मदतनिसाला आणि शेजारी वेल्डिंग करणाऱ्याला ते मिळत नाही. त्यामुळे बंदिस्त खोली, धूळ ओढणारा पंखा आणि वाळूच्या जागी ग्रिट, एवढं त्या शेडच्या मालकाकडून करून घेतल्याशिवाय त्याला काम देऊ नये.