बैल पाहून, घर ऐकून

शनिवार हा काष्टीच्या बाजाराचा दिवस. श्रीगोंदे तालुक्यातले हे गाव बैलबाजारासाठी नगर-पुणे पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बैल घ्यायला आलेला शेतकरी घाईत नसतो. आधी तो लांबूनच जनावराची ठेवण न्याहाळतो. मग जवळ जाऊन जबडा उघडतो आणि पाहतो: दोनदाती आहे, चारदाती, सहादाती की जुळलेला? वशिंडावरून, खांद्यावरून हात फिरतो, खूर उचलून पाहिले जातात, चार पावले चालवून घेतली जातात. सौद्याला दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटांच्या खुणांवर भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. बैलबाजारांची ही जुनी रीत.

याच शेतकऱ्यावर बिऱ्हाड शहरात हलवायची वेळ आली, की ही सगळी चिकित्सा कुठे जाई कोण जाणे. "दाजी म्हणाले, त्यांच्या शेजारची खोली रिकामी होतीय," एवढ्या निरोपावर ट्रंक भरली जाई. खोली किती फुटांची, उजेड कुठून येतो, नळाला पाणी कधी, हे तिथे पोचल्यावर कळे. बैल घेताना दात मोजणारा माणूस घर मात्र कानाने घेत होता. वरवर पाहता हा निष्काळजीपणा वाटतो. पण गेल्या दीडशे वर्षांत नगरकडची कुटुंबे मुंबई-पुण्यात कुठे आणि का वसली हे पाहिले, तर त्यामागे चोख हिशेब सापडतो. तो खोलीचा नसे. गावाकडे जाणारी वाट कुठून निघते आणि त्या वाटेवर आपले कोण आहे, याचा असे.

श्रीगोंद्याचा, म्हणजे जुन्या चांभारगोंद्याचा, पुण्याशी संबंध रेल्वेच्या आधीचा आहे. हे गाव शिंद्यांच्या जहागिरीतले, त्यांचे वाडे तिथे होते. महादजी शिंदे 1792 मध्ये उत्तरेतून पुण्याला परतले, तेव्हा त्यांचा तळ पडला तो पेठांच्या बाहेर, पूर्वेला वानवडीला. तिथेच 12 फेब्रुवारी 1794 रोजी त्यांचे निधन झाले आणि तिथेच आज शिंद्यांची छत्री आहे. सरदाराच्या तळाला मोकळे माळरान लागते, शेतकऱ्याच्या बिऱ्हाडाला दहा बाय बाराची खोली पुरते. दोघांची तुलना होत नाही. पण पुढे दौंड-श्रीगोंद्याकडून आलेली बिऱ्हाडे बरीचशी याच अंगाला, वानवडीपलीकडच्या हडपसरकडे विसावली, हा योगायोग गमतीचा आहे.

सामान्य माणसाची वाट उघडली ती लोहमार्गाने. पुण्याहून दौंडमार्गे दक्षिणेकडे जाणारी गाडी 1858 मध्ये धावू लागली होती. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ नगर जिल्ह्याने सोसला आणि त्याच 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. काष्टी हे या मार्गावरचे स्टेशन. पाऊस दगा देणारा मुलूख, जिरायती जमीन, भावकीत होणाऱ्या वाटण्या. त्यात दाराशी रेल्वे आली. आता दौंडला गाडी बदलली की पुढे थेट मुंबई.

मुंबईत जाणारा पहिल्यांदा एकटाच जाई. बायको, मुले, म्हातारी गावाकडे, जमिनीपाशी. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर 100 माणसांपैकी 84 जणांचा जन्म शहराबाहेरचा होता. या माणसांना ठेवून घेणारी व्यवस्था कोणत्याही सरकारने उभी केलेली नव्हती. ती गावांनीच उभी केली. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत एकेका गावाची खोली असे. भाडे सगळ्यांत वाटून, भिंतीला प्रत्येकाची खुंटी, खुंटीला पिशवी, खाली ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. पाऊस नसला की निम्मे लोक गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. जेवणाची सोय खानावळीत. ती चालवणारी बाई बहुधा त्याच भागातली, आणि तिचा हिशेब पगाराच्या दिवशी होई. याच खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले.

अशी सोय एकट्या देशावरच्यांचीच होती असे नाही. गोव्याहून आगबोटीवर काम शोधायला येणाऱ्यांच्या गावोगावच्या ‘कुडी’ धोबीतलाव परिसरात होत्या. तिथेही गावाचे नाव, गावाचा सण आणि कोपऱ्यातल्या पेट्या असाच थाट असे.

गावच्या खोलीत झोपायला जागा मिळे. त्याहून मोलाच्या तीन गोष्टी मिळत: कोणत्या खात्यात बदली कामगार घेताहेत याची बातमी, पगार होईपर्यंतची उधारी आणि आजारी पडल्यावर गावाला घेऊन जाणारे माणूस. त्यामुळे नव्या माणसाने ‘बरी’ वस्ती शोधत फिरण्यात काही अर्थच नव्हता. लांबच्या हवेशीर खोलीत यातले काहीच मिळाले नसते.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांची सुरुवातही अशीच. नातेवाइकाच्या आधाराने मुंबई गाठली आणि दादरला फुले विकली. फौजेत गेले ते त्यानंतर. पारनेर तालुक्यातल्या कितीतरी घरांचा मुंबईशी संबंध असाच फुला-भाज्यांच्या बाजारातून आणि माथाडीच्या कामातून जुळला.

खरा प्रश्न पडे तो कुटुंब आणायचे ठरल्यावर. गावच्या खोलीत बाईमाणसाला जागा नसे. मग वेगळी खोली, वेगळे भाडे आणि नवी कसोटी: शाळा. या बाबतीत महाराष्ट्राला सर्वांत चांगले ठाऊक असलेले उदाहरण नगरचे नाही, साताऱ्याचे आहे. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आणले. बिऱ्हाड थाटले लोअर परळच्या डबक चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत, एकाच खोलीत. तेवढ्यात स्वयंपाक, तेवढ्यात झोप आणि तेवढ्यातच धाकट्या भीमरावाचा एल्फिन्स्टन हायस्कूलचा अभ्यास. रामजींनी त्यावर काढलेली तोड त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. मुलगा लवकर झोपे आणि वडील रात्री दोनपर्यंत जागे राहत. मग ते त्याला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. पुढे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेले आणि तिथे समोरासमोरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या. हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त जाईपर्यंत, म्हणजे 1934 पर्यंत, डॉ. आंबेडकर तिथेच राहत होते.

ट्रस्टच्या त्या चाळी प्लेगची देणगी. 1896 मध्ये मांडवीला प्लेग उमटला आणि 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला. 1920 नंतर सरकारने आणखी मोठा घाट घातला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या, 207 चाळी उभ्या राहिल्या. तीन मजली, काँक्रीटच्या, एकेका चाळीत 80 खोल्या आणि खोली 160 चौरस फुटांची. पक्के घर, पक्के छप्पर. तरीही सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडे जास्त, आत उजेड कमी, काही चाळी गिरणीपासून लांब. आणि गिरणगावात ज्या ओळखीच्या आधारावर दिवस निघत, ती नव्या चाळीत कुठून आणायची? सरकारने घरे बांधली होती, शेजार बांधला नव्हता. तो माणसे येत गेली तसा पुढच्या पिढीत तयार झाला आणि मग याच चाळी सुटता सुटेनात.

शेजाराची ही निवड सगळ्यांना सारखी खुली नव्हती, हेही सांगायला हवे. गावची खोली म्हणजे पुष्कळदा गावातल्या एका जातीची खोली. गावकुसाबाहेरच्या माणसाला शहरातही वेगळाच पत्ता शोधावा लागे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी ‘बलुतं’मध्ये (1978) मुंबईतल्या कावाखाना या वस्तीचे जग उभे केले आहे. गावाकडून आलेली नात्यातली कुटुंबे एकाच ठिकाणी दाटीवाटीने राहत, कामही तिथल्या आसपासचेच. ओळखीच्या वाटेने शहरात शिरणाऱ्याला गावाचा आधार सोबत मिळे, आणि गावाची उतरंडही.

आधाराची परीक्षा झाली ती 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने उलटले तसे अनेकांनी बिऱ्हाड आवरून गाव गाठले. शेतात हात लावला, मिळेल ते काम केले. ज्यांचे गाव तुटलेले नव्हते त्यांना ते दिवस काढता आले. गावाची वाट उघडी ठेवून शहरात राहण्याचे मोल त्या वर्षी कळले, आणि त्याच संपाने गिरणगावातल्या गावच्या खोल्या व खानावळी यांचा काळही संपवला.

तोवर नगरकडच्या माणसाचे तोंड पुण्याकडे वळलेले होते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 चे. साठच्या दशकात तिथे औद्योगिक वसाहत आली, पाठोपाठ बजाज, टेल्को. मग 1972 चा दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडून, सुकडी खाऊन गावात तग धरलेले जितके, तितकेच पुण्याच्या वाटेला लागलेलेही घरोघरी सापडतात. या वेळी एकटा माणूस गेला नाही, कुटुंबेच्या कुटुंबे गेली. पर्वतीच्या पायथ्यापासून येरवड्यापर्यंतच्या वस्त्या त्या वर्षांत फुगल्या.

पुण्यात कोण कुठे राहिला याचा ढोबळ नकाशा रस्त्यांवरून काढता येतो. नगर रस्त्याने आलेले पारनेर-नगरकडचे लोक चंदननगर, खराडी, पुढे वाघोलीला. दौंडमार्गे सोलापूर रस्त्याने आलेला श्रीगोंदे-कर्जतकडचा माणूस हडपसर, मांजरी, लोणीला. शहर ज्या अंगाने लागले, त्याच अंगाला तो थांबला. कारणे साधी होती. शनिवारी बाजाराला जायचे तर शहर ओलांडावे लागत नसे. गावाकडून ज्वारीचे पोते, शेंगा, दुधाची किटली घेऊन येणाऱ्याला रस्त्यावरच उतरता येई. मयतीचा निरोप आला तर पहिल्या एसटीने निघता येई. शिवाय हडपसरला कारखाने होते, भाजीचा मळा होता. गावाकडचे कसब अगदीच वाया जात नसे.

घर विकत घ्यायची वेळ आली तेव्हा या माणसाने मोजमापही गावचेच वापरले. फ्लॅटचा चौरस फूट, कार्पेट आणि बिल्टअप ही भाषा त्याला परकी होती. गुंठा मात्र घरचा होता. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, एकरात 40. शहराच्या कडेला शेतकऱ्याकडून अर्धा-एक गुंठा घ्यायचा, चार खोल्या बांधायच्या, दोन भाड्याने द्यायच्या, पुढे धाकट्या भावाला बोलवायचे. ही खरेदी कायद्याच्या चौकटीत बसत नव्हती. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून होता, बिगरशेती परवाना नसे, सातबाऱ्यावर नाव चढताना अडे. या वस्त्या इतक्या वाढल्या, की 2001 मध्ये राज्याला त्या नियमित करण्यासाठी गुंठेवारी कायदा करावा लागला आणि 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 2020 अखेरच्या बांधकामांपर्यंत नेली. त्याच 2021 मध्ये मांजरी बुद्रुक धरून 23 गावे पुणे महापालिकेत आली. शहराच्या कडेला गाव म्हणून घेतलेला गुंठा अशा रीतीने बसल्या जागी शहरात गेला.

घर असे ओळखीच्या वाटेने निवडल्याचा फटकाही बसला. अरुंद बोळ, टँकरचे पाणी, सांडपाण्याची बोंब आणि रस्ता रुंदीकरणाची टांगती नोटीस, हे सगळे गुंठेवारीतल्या घरांनी भोगले. चांगली शाळा कुठे आहे हे न पाहता मेहुणा कुठे आहे हे पाहिले, अशी तक्रार आज त्याच घरातली शिकलेली मुले करतात. ती खोटी नाही. पण शहरात पहिले पाऊल टाकणाऱ्याला बँक कर्ज देत नव्हती, घरमालक जामीन मागत होता आणि पाळणाघराची कल्पना नव्हती. या तिन्हींची जागा मेहुण्याने भरून काढली. म्हणून दात न पाहता केलेला हा सौदा एकंदरीत फसला नाही, असेच म्हणावे लागते.

त्या सौद्याची नोंद मात्र कुठेच नाही. खरेदीखतात रक्कम असते, साक्षीदार असतात, चतुःसीमा असतात. "इथेच राहा" असे कोणी सांगितले हे नसते. घरात शहर पहिल्यांदा गाठलेली व्यक्ती हयात असेल, तर तिला विचारावे: स्टँडवर घ्यायला कोण आले होते, पहिली रात्र कोणाच्या खोलीत काढली आणि भाडे किती होते. वहीत चार ओळी लिहून ठेवाव्यात, गावाच्या आणि माणसाच्या नावासकट.